जोडीतली उजवी

माझ्या आजोबांनी बॅटऱ्यांचे दुकान काढले, वडिलांनी वाढवले, मी राखले आणि आता माझी लेक चालवते. तिला वांझ ठरवून माहेरी धाडणारा आमचा पूर्वीचा जावई काल पांढरी मोटरहोम गाडी घेऊन दारात उभा राहिला. आसपास दुसरे दुकान नव्हते. त्याची दुसरी बायको आत खिडकीशी बसली होती. तिचीही कूस अद्याप उजवली नव्हती.

"आतले दिवे, फ्रिज, सगळे रात्रीत मान टाकते," तो म्हणाला. "जोडीतली डावी बॅटरी बदलली, पुन्हा बदलली. नवीही तसलीच निघाली."

लेकीने जोडीच्या तारा सोडवल्या आणि एकेक बॅटरी भार देऊन पाहिली.

"डावी ठणठणीत आहे. उजवी आतून मेली आहे, आणि तीच डावीलाही रिकामी करते."

"उजवी तपासली होती का?" मी विचारले.

"तिला काय तपासायचे? ती मूळची, दणकट."

"जरा मोठ्याने बोला, जावईबापू. मला हल्ली कमी ऐकू येते." वास्तविक माझे कान उत्तम आहेत.

"दोष डावीचाच धरला!" तो ओरडला. "उजवी कधी तपासलीच नाही!"

खिडकीतली बाई खाली उतरली. नवऱ्याकडे न पाहता तिने माझ्या लेकीला विचारले, "ताई, तुम्हाला वांझ म्हटले, तेव्हा यांची तपासणी झाली होती का हो?"

"नाही. फक्त माझीच. आणि माझ्यात काही दोष निघाला नव्हता."

तो गाडीपेक्षा पांढरा पडला.

"बिल करू नकोस गं," मी लेकीला म्हटले. "यांच्याकडचे आपले जुने येणे आज पुरेपूर वसूल झाले."