मोहरीएवढी वाळू

काकूंनी साहेबांच्या घरी माशांच्या टाकीच्या काचेला जवळजवळ नाकच लावलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. महिन्यापूर्वी त्यांनी स्वतःच्या हाताने तळाला वाळू पसरली होती. साखरेहून बारीक, चांगली चार बोटं जाड. आता तिथे मोहरीएवढे पांढरे खडे होते.

"ही कुणी बदलली?"

"मीच," साहेब हौसेने म्हणाले. "आठ दिवस झाले. कशी लख्ख दिसते ना?"

खाऱ्या पाण्याच्या टाक्या घरोघरी जाऊन सांभाळणं हे काकूंचं चाळीस वर्षांचं काम. मालकाचं डोकं फिरलं की ते त्यांना पाण्याआधी वाळूत दिसायचं.

"बारीक वाळूने काय घोडं मारलं होतं?"

"अहो, तो पिवळा मासा! एवढा लांबून मागवला आणि कुणी आलं की वाळूत गडप. दहा दिवसांपूर्वी आमचे वरिष्ठ आले, अर्धा तास काचेपुढे उभे राहिले आणि नुसती वाळू बघून गेले. माझी काय शोभा झाली! दुकानदार म्हणाला, जाड वाळू टाका, लपायचा प्रश्नच मिटला."

काकूंनी बाही वर सारून हात पाण्यात घातला. तळाचे खडे चाळवले तशी त्यांच्या फटींतून तपकिरी गाळ उसळून वर आला. घातलेलं खाणं खाली जाऊन कुजलं होतं. नासक्या अंड्याचा भपकारा सुटला आणि साहेबांच्या बायकोने लगबगीने सुगंधी फवारा उचलला.

"सकाळपासून तीनदा मारलाय, तरी मेला वास जात नाही."

गुलाबाचा वास आणि कुजका वास एकात एक मिसळले.

"मी सांगत होते," टाकीशेजारच्या खुर्चीतून आजी, म्हणजे साहेबांच्या आई, म्हणाल्या. आज त्यांचा ऐंशीवा वाढदिवस. दुपारी तीनपासून त्यांना नवी शाल पांघरून तिथे बसवलं होतं. "रोज दिवेलागणीला खाली डोकं आपटतो बिचारा. मी मोजते. काल एकोणीस वेळा."

"आई, तू जरा गप्प बस गं. आणि शाल घसरतेय बघ."

"मी जरा आत जाऊन पडते रे."

"आत्ता? अगं, सगळे तुलाच बघायला येणारेत!"

पिवळा मासा एका दगडाच्या कडेला तिरका तरंगत होता. बोटाएवढा जीव. तोंडापुढची कातडी सोलून आतलं लाल मांस उघडं पडलं होतं, पोटाखालचे खवले गेले होते आणि जखमेवर कापसासारखी बुरशी धरली होती. काकू बघत असतानाच त्याने खाली सूर मारला, खड्यांवर आदळला आणि परत वर आला. तोंडाजवळ लालसर धागा पाण्यात पसरला.

काकूंनी मूठभर खडे बाहेर काढले.

"साहेब, मनगट द्या."

"कशाला?"

"द्या तर."

मनगटाच्या आतल्या नाजूक बाजूवर त्यांनी ते खडे दाबून घासले. माशासाठी वाळू निवडताना त्या नेहमी असंच करायच्या, फक्त मनगट स्वतःचं असायचं. ओरखडा उठला तर वाळू परत.

"आई गं! काय करताय काकू!"

"तुम्हाला मनगटावर सोसवलं नाही. तो तोंडाने घुसतो. वाळूत शिरल्याशिवाय त्याला झोप नाही."

"मासाच तो. त्याला कसली आलीय झोप!" साहेब मनगट चोळत म्हणाले. "बरं, उद्या बदला. आता अर्ध्या तासात माणसं येतील. आजच्यापुरता दिसला म्हणजे झालं."

"उद्या दिसेल. उताणा."

साहेबांची बायको तोंडावर रुमाल धरून म्हणाली, "शी! आज तरी असं बोलू नका."

काकूंनी थेट स्वयंपाकघरात जाऊन एक खोल काचेचं भांडं आणलं. स्वतःच्या पिशवीतली बारीक वाळू बादलीत टाकीच्याच पाण्याने तीनदा खळबळून धुतली, भांड्यात काठोकाठ भरली आणि भांडं अलगद तळाशी सोडलं. खांद्यापर्यंत हात गाळाने माखला. साहेब मागून "अहो", "नको ना", "किती वाईट दिसतंय ते" म्हणत राहिले.

मासा भांड्यावर आला. एकदा घुटमळला. मग डोकं खाली केलं, शेपटी एकदाच फडफडली, आणि भांड्यात नुसती वाळू उरली.

"गेला," आजी म्हणाल्या आणि त्यांनी मोठा सुस्कारा टाकला.

तेवढ्यात घंटा वाजली. माणसं आत आली, हसली, आजींच्या पाया पडल्यासारखं करून लगेच काचेकडे वळली.

"कुठाय तुमचा तो नामांकित मासा?"

"आहे ना, आहे! थांबा, काढतो बाहेर," म्हणत साहेबांनी बाही दुमडली. एक बोट सरळ करून ते टाकीवर वाकले.

काकूंनी त्यांचं मनगट पकडलं, पण आजी त्याआधीच खुर्चीच्या दांड्याला धरून उभ्या राहिल्या होत्या. शाल खाली पडली. ती कुणी उचलली नाही.

"त्याला हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. इतक्या मोठ्या आवाजात त्या कित्येक वर्षांत बोलल्या नव्हत्या. "झोपलाय तो. आणि मीही आता झोपायला चालले. तुम्ही सगळे बसा वाळू बघत."