चाकं पोटात घेणारं विमान

ज्या गावात घरांना दारं नाहीत, त्या गावात माणूस कधी एकटा पडत नाही, असं म्हणतात. म्हणणारे भाविक असतात. ते शनिदेवाला तेल वाहतात आणि संध्याकाळच्या आत आपापल्या कडीकुलपाच्या गावी परततात.

कारभारीनानांच्या घरात दोन वर्षांत आपणहून आलेली पहिली गोष्ट म्हणजे एक लांबट खोकं. नाना रानातून परतले तेव्हा ते चौकटीच्या आत पडलेलं होतं. नानांनी चष्मा शोधला नाही, सुरी शोधली. आत रिमोटवर उडणारं विमान होतं, सगळं सुट्ट्या भागांत.

पाठवणारा कोण, हे विचारायची गरज नव्हती. नितीन दहा वर्षांचा असताना असलंच विमान मागत होता आणि नाना ‘दहावी होऊ दे’ म्हणाले होते. दहावी झाली, नोकरी झाली, पुण्यात फ्लॅट झाला. फ्लॅटच्या दाराला आतून तीन कड्या. नाना तिथे एकदाच मुक्कामाला राहिले आणि सकाळी लेकाला म्हणाले, "आमच्या गावात दुसऱ्याच्या वस्तूला कोनी हात लावत न्हाई. तुमीच बसा कोंडून घेऊन."

तेव्हापासून फोन आधी कोणी करायचा, हा प्रश्न दोन वर्षं पडून होता. आता नितीनने तो सोडवला होता. विमान हा टोमणा आहे की तह, एवढंच ठरायचं होतं. नानांनी तह धरला. जोडून उडालं, की फोन करायचा.

दुसऱ्या दिवशी शेजारचा कल्याण आला. पन्नाशीचा गडी, पूजेच्या सामानाचं दुकान चालवायचा. जमिनीवर पसरलेल्या भागांकडे तो बराच वेळ बघत राहिला.

"नितीननं धाडलंय," नाना म्हणाले. "इसरला न्हाई पोरगं."

"व्हय?"

"तू कशाला आल्तास?"

"चहापत्ती हाय का बघाया." जाताना त्याने वाटेतलं खोकं उचलून भिंतीशी नीट लावलं. चहापत्ती मात्र नेली नाही.

मग तो रोज दुपारी येऊ लागला. नानांनी तीस वर्षं विहिरींवरच्या जळक्या मोटारी भरून दिल्या होत्या, त्यामुळे वायरींचं भय नव्हतं. अडलं ते चाकांपाशी. विमान वर गेलं की चाकं दुमडून पंखात शिरायची, उतरताना बाहेर यायची. बॅटरीला वायर लावून बघितलं, तर उजवं चाक आत गेलं की बाहेर यायचंच नाही.

"हे तुमच्यावर गेलंय नाना. एकदा घरात शिरलं की बाहेर निघाया नको."

अकरा दिवसांनी चाक निघालं. नाना अजून निघाले नव्हते.

खोक्यात रिमोट नव्हता. "त्यो येगळा घ्यावा लागतो," म्हणत कल्याणने घरून आणला.

"तुझ्याकडं कसा रं?" नानांनी डोळे बारीक केले. "नितीननं सांगून ठिवलंय तुला. हाय ना?"

कल्याणने रिमोटमध्ये सेल घातले. "तुमी काय सोडता व्हय नाना."

शेवटी राहिली बोटाएवढी दोन दारं. चाकं आत गेल्यावर पंखाची भोकं मिटवणारी.

"आपल्याकडं दार बसवत न्हाईत," नाना म्हणाले.

"अवो, हे इमान हाय."

"असंल. पर गावातलं हाय."

दारं पुडीतच राहिली.

रविवारी बाजरी काढलेल्या रानात विमान उडालं. उडवलं कल्याणने, चाकांचं बटण नानांनी दाबलं. चाकं आत गेली. तीन घिरट्या झाल्या. चाकं बाहेर आली, दोन्ही.

घरी येऊन नानांनी फोन लावला.

"नाना?" नितीन दचकला. "बरं आहे ना?"

"बरं हाय. तू?"

विमानाचा विषय नानांनी काढला नाही. आभार मानायची घरात पद्धत नव्हती. पाऊस झाला, गुडघा झाला. मग नितीनच हळूच म्हणाला, "दिवाळीला येऊ का?"

"इचारतोस काय येड्या? दार हाय का आपल्याला?"

फोन ठेवून नानांनी नाक पुसलं, चष्मा पुसला. दारांची पुडी परत टाकायला भिंतीशी लावलेलं खोकं ओढून फिरवलं. मागच्या बाजूला कागद चिकटवलेला होता. त्यावर छापलं होतं: कल्याण बोरुडे, पूजा साहित्य भांडार. खाली कुरिअरवाल्याने पेनाने लिहिलं होतं, ‘घरी कोणी नाही. शेजारी ठेवले.’