खुर्चीखालचा माग

मंत्र्यांच्या खुर्चीचा एक पाय फरशीतल्या खड्ड्यात गेला आणि ते कलंडता कलंडता वाचले.

"जरा हिकडं घ्या, साहेब," शेडची मालकीण सुशीलाक्का म्हणाली. "तितं माझा यंत्रमाग हुता. मंदीत भंगारात गेला."

मंत्र्यांनी रिकाम्या शेडभर नजर फिरवली. "हॉल मात्र ऐसपैस आहे," ते खुशीत म्हणाले. माग विकले गेले की शेडचा हॉल होतो, हे त्यांना कोण सांगणार. मग दोन्ही बाजूंच्या मोठाल्या पंख्यांचा वारा घेत, विजेवरचा कर का वाढवला ते त्यांनी समोर बसलेल्या विणकरांना माईकवरून समजावायला घेतलं. सरकारची तिजोरी म्हणे आटली होती. अशा काळात प्रत्येकानं थोडी झळ सोसायची असते.

सुशीलाक्का उठली आणि तिनं मेन स्विच खाली ओढला. पंखे थांबले, माईक मुका झाला.

"कर वाढलाय न्हवं, परवडत न्हाई," ती म्हणाली. "तुमी बोला की. मागांच्या खडखडाटात जन्म गेला आमचा. नुसते ओठ हलले तरी आमाला कळतंय."

मंत्री कसनुसं हसले. शेजारच्या सचिवाच्या कानाशी लागून काहीतरी पुटपुटले आणि पुन्हा लोकांकडं बघून हसले.

शेवटच्या रांगेतला म्हातारा विणकर उभा राहिला.

"आठवडाभर बोंबलतील आन् मग गुमान भरतील, असंच म्हणालासा न्हवं, साहेब?" त्यानं शांतपणे विचारलं. "न्हाई भरणार."