जोतिरामचा मेंदू

“अण्णाला हाय तसा घरी न्यायचा. डोस्क्याला हात लावायचा न्हाय,” नागराज म्हणाला आणि शवागाराच्या दारात आडवा उभा राहिला.

त्याचा थोरला भाऊ जोतिराम पहाटे गेला होता. वडगावातला नावाजलेला विणकर. चाळिशीतच त्याचे हात थरथरू लागले, मग पाय, मग बोलणंही अडखळू लागलं. त्याच्या वडिलांचंही तसंच झालं होतं. गल्लीत कुणी करणी म्हणायचं, कुणी शाप. जोतिराम लग्नकार्यातही हात शालीखाली लपवून बसायचा.

त्याची मुलगी पूर्णिमा बंगळुरूला याच दुखण्यावर संशोधन करायची. गेल्या दिवाळीत तिनं बापाला समजावलं होतं, “आप्पा, जनुकं आपल्या सगळ्यांत जवळजवळ सारखीच. फरक असतो तो बारीकसा. पण त्या फरकामुळं एखाद्या जनुकाचं काम कुणाच्या मेंदूत जोरात चालतं, कुणाच्या मंदावतं. रक्त तपासून ते पुरतं कळत नाही. मेंदूच बघावा लागतो, माणूस गेल्यावर.”

जोतिरामनं हात उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. मग अडखळत म्हणाला, “माझा... बघ.”

आता डॉक्टर आत वाट बघत होते. उशीर झाला तर मेंदूतल्या जनुकांच्या कामाच्या खुणा विरून जाणार होत्या. आजवर कितीतरी परक्या घरांत जाऊन पूर्णिमानं हेच मागितलं होतं. आज काकासमोर मात्र तिनं संमतीचा कागद पिशवीत परत सारला.

कोपऱ्यात बसलेली तिची आई, दुर्गाबाई, उठली. डोळे पुसून लेकीसमोर उभी राहिली.

“लोकांच्या दारात जाऊन मागतीस न्हवं? मग आपल्या घरातलं राखून ठेवतीस व्हय गं?” मग ती दिराकडं वळली. “नागराज, त्यांनी जलमभर हात लपवलं. आता काय बी लपवायचं न्हाय. बाजूला हो.”

नागराजनं तिच्याकडं पाहिलं. मान खाली घालून तो बाजूला झाला.

दुपारी जोतिरामला घरी आणलं. रीतीप्रमाणं सगळं पार पडलं.

पुढं भेटायला आलेल्या शेजारच्या नागुबाईनं दुर्गाबाईच्या कानाशी येऊन विचारलं, “मेंदू काढून घेतला म्हणं? खरं काय गं?”

दुर्गाबाईनं पदर सारखा केला. बाहेर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, “व्हय. आमचं मालक बंगळुरूला गेल्यात. लेकीच्या हाताखाली, कामाला.”