आपल्या साताऱ्याचा कॅमेरा

थोरलीच्या लग्नात फोटो काढायचा मान नाथाजीमामांनी हट्टानं घेतला, आणि अल्बमभर नवरा-नवरी मुंडक्याविनाच उभी राहिली. आता लग्न अंकिताचं होतं, आणि मामांना नको म्हणायची घरात कुणाची छाती नव्हती. म्हणून मामांना भेट द्यायला ती इलियासचाचांच्या दुकानात जुना कॅमेरा बघत होती. जपानी, जर्मन सगळे बाजूला सारून तिनं साताऱ्यातच बनलेला एक उचलला.

"मामा गळ्यातनं काढायचे न्हाईत बघ," चाचा म्हणाले. "खटका लय झोकात वाजतो. पण पोरी, ह्याचा रोल आता जगात कुठंच मिळत न्हाई."

अंकिताचा चेहरा खुलला.

"ह्योच द्या, चाचा. रोल मी भरलाय म्हणून सांगते त्यांना."