विहीणबाईंची मांडी

नातीच्या लग्नाच्या पंगतीत विहीणबाई गोदाक्कांसाठी मांडलेली खुर्ची चिंगूबाईंनी उचलून मांडवाबाहेर ठेवली.

"नवे सांधे कशाला घेतलेत, विहीणबाई? बसा खाली."

गोदाक्कांचे पहिले कृत्रिम सांधे खुर्चीवर बसणाऱ्यांच्या मापाचे होते, त्यामुळे सहा वर्षं मांडी जमली नव्हती. महिन्यापूर्वी दवाखान्यात पेशींपासून वाढवून बसवलेले नवे सांधे मात्र खुद्द चिंगूबाईंच्या मापाचे होते. जन्मभर उकिडवं बसून भुईमुगाच्या शेंगा तोडल्या, तरी पंच्याहत्तरीत या बाईचे खुबे-गुडघे ठणठणीत, म्हणून डॉक्टरांनी सगळ्या जिल्ह्यासाठी त्यांचाच साचा घेतला होता.

"सांधा मोडला म्हणजे?" गोदाक्का घाबरल्या.

"माझा साचा आहे. मोडतोय कशाला!"

वाढपीसुद्धा थांबले. गोदाक्का हळूहळू वाकल्या. खुब्यातला गोळा वाटीत बाहेरच्या अंगाला फिरला, गुडघा पुरता मिटला आणि मांडी पाटावर टेकली. त्यांचे डोळे भरून आले.

"तुमच्या पाया पडायला हवं, विहीणबाई," म्हणत त्या उठू लागल्या.

"मग उठताय कशाला? आपल्याच गुडघ्याला हात लावा," चिंगूबाई ताठ मानेने म्हणाल्या, "नमस्कार मला पोचतो."