चाचणी चालू असताना

नवरीने माप ओलांडायला पाय उचलला आणि तिथंच स्क्रीन निळी पडली.

रेणुकाने टेबलफॅन कॉम्प्युटरकडे वळवला. मलकापुरात उन्हाळा तापला की माणसं बसल्या जागी बंद पडतात, यंत्राचं काय. लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग ती घरीच करायची, लेक छकुली दुपारी झोपली की तेवढ्या वेळात. कॉम्प्युटर नवऱ्याने स्वतःच्या हाताने जोडलेला. धम्मरत्न हैदराबादला एका कंपनीच्या सर्व्हर रूममध्ये रात्रपाळीला होता. हिवाळ्यात सुट्टीवर आला तेव्हा त्याने प्रोसेसर आणि मेमरी दोन्हींचा वेग कारखान्याने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा वर चढवून ठेवला होता. थंडीत ते निभलं. आता उन्हात निभेना.

तिने फोन लावला.

धम्मरत्न मुळातच कमी बोलणारा. त्याचा रोज संध्याकाळचा फोन ठरलेला. जेवली का. पोरगी काय करते. आईच्या गोळ्या आणल्या का. मग दोघंही गप्प. मग तोच म्हणायचा, ठेवू का.

पण त्या दुपारी त्याचा आवाज निराळाच लागला. "व्हिडिओ कॉल लाव. फोन स्क्रीनसमोर टेकव. आता चालू कर अन् डिलीट दाबून धर. हां, सेटिंगचा पडदा आला. तिथं मेमरी लिहिलं आहे पाह्य. तिचा वेग एक पायरी खाली घे. भिऊ नोको, मी आहो ना."

मग त्याने चाचणी लावायला सांगितली. ही चाचणी मेमरीला मुद्दाम दमवते. टिकली तर ठीक, नाही तर आणखी एक पायरी खाली यायचं.

"चाचणी चालू असताना माउसलेही हात लावजो नोको," तो म्हणाला.

म्हणजे नुसती वाट पाहायची. फोन कोणीच ठेवला नाही. त्या रिकाम्या वेळात तो बोलू लागला. खोलीतला सोबती झोपेत तेलुगूत भांडतो. मेसवाला वरणात हात सैल सोडून चिंच घालतो. रविवारी सगळे आपापल्या गावी जातात, मग हा एकटाच तळ्यावर जातो, शेंगा खातो आणि परत येतो. रेणुका ऐकत राहिली. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण तळ्याचं तिला आज कळत होतं.

जनकाबाई, तिची सासू, दारात मेथी निवडत बसल्या होत्या. "काय व, धम्मू तुह्यासंग बोलून राह्यला का त्या डब्ब्यासंग?"

"डब्ब्यासंग, आत्याबाई."

"बोलू दे. माह्यासंग तर तेवढंबी बोलत नाही."

चाचणी पार पडली. कॉम्प्युटर ठणठणीत झाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला. जेवली का. आईच्या गोळ्या. ठेवू का.

काही दिवस तिने तसेच काढले. मग एका दुपारी, छकुलीच्या अंगावरून हात हळूच काढून घेतला आणि स्वतःच डिलीट दाबून धरलं. तो पडदा आता तिला परका नव्हता. तिने मेमरी एक पायरी वर चढवली आणि कॉम्प्युटर बंद पडायची वाट पाहत बसली. तो पडला, तशी तिने फोन लावला.

"काऊन बंद पडला असंन बरं?" धम्मरत्न म्हणाला.

"ऊन लय आहे," ती म्हणाली.

पुन्हा पायरी खाली. पुन्हा चाचणी. पुन्हा ती बोलण्याने भरलेली वाट. असं होतच राहिलं. उन्हाळा सरला, उन्हाचं कारण काही सरलं नाही.

देऊळघाटची अश्विनी आपल्या लग्नाचा व्हिडिओ न्यायला आली. रेणुकाने तिच्यासमोर लावून दाखवला. पाठवणीच्या वेळी बाप लेकीला कवटाळतो, नेमके तिथेच चित्राचे हिरवे चौकोन झाले होते. कॉम्प्युटर बंद पडायची वाट पाहताना तिने हेच काम लावलं होतं; चढवलेल्या वेगात मेमरीने भलतंच काही लिहून ठेवलं होतं.

अश्विनी रागावली नाही. एवढंच म्हणाली, "ताई, बाबाचं तोंड दिसून नाही राह्यलं."

मूळ चित्रीकरण कॅमेऱ्याच्या कार्डात शाबूत होतं म्हणून निभावलं. पण अश्विनी गेल्यावर रेणुका तशीच कॉम्प्युटरसमोर बसली. तिने डिलीट दाबलं आणि मेमरी, प्रोसेसर, सगळं कारखान्याच्या वेगावर आणून ठेवलं. व्हिडिओ नव्याने केला. कॉम्प्युटर आता हळू चालायचा, पण अडायचा म्हणून नाही. दुपारी छकुली झोपायची. फोन टेबलावर पालथा पडलेला असायचा. संध्याकाळी तेच. ठेवू का. ठेवा.

अशाच एका दुपारी फोन वाजला. रात्रपाळी करून आलेल्या धम्मरत्नची ती झोपायची वेळ.

"कॉम्प्युटर कसा आहे?"

"बरा आहे."

"बंद पडून नाही राह्यला?"

"नाही. सगळं खाली आणलं मी. लोकांची कामं खराब होतात."

"बरं केलं."

आता तो ठेवू का म्हणेल, म्हणून तिने 'ठेवा' ओठावर आणून ठेवलं.

"रेणुका, मी लावून देलेली पायरी मले पाठ आहे. दर वेळी ती एक वर दिसे."

तिचे कान तापले.

"रविवारी कोणाचं काम राहते का तुह्याकडे?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग रविवारी चढवत जाजो," तो म्हणाला. "मले सुट्टी राहते."